वायर काढल्यावर

पडद्यावर सम्यक हसत होता, आणि लॅपटॉपवर पॅकेटं दिसत नव्हती.

संघमित्रा तायडेला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. अकोल्याच्या तंत्रनिकेतनात ती संगणक विभागाची प्रमुख होती. नेटवर्किंग शिकवण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि प्रत्येक नव्या वर्गाला ती पहिल्याच दिवशी सांगायची, उपकरणावर संशय घेण्याआधी स्वतःवर घ्या. त्याप्रमाणे तिनं स्वतःवर संशय घेतला.

पुढच्या आठवड्यात तिला मुलांकडून एक प्रात्यक्षिक करून घ्यायचं होतं. प्रयोगशाळेत सगळं बिघडायच्या आधी ते आपल्या घरी बिघडलेलं बरं, म्हणून रविवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसली होती. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा संगणक होता, एकाच पाटीवर सगळं बसवलेला. त्याच्या मेमरी कार्डावर तिनं सकाळी प्रणाली उतरवली, मग पॅकेटं पकडणारं सॉफ्टवेअर टाकलं. पहिल्यांदा ते चालूच होईना. 'परवानगी नाही' एवढंच म्हणून गप्प बसायचं. जाळ्यावरून जाणारं सगळं ऐकण्याचा हक्क कुठलीही प्रणाली सहजासहजी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिनं स्वतःच्या नावाला तो हक्क दिला, पाटीला दुसरं नेटवर्कचं तोंड जोडलं, आणि दोन्ही तोंडांमध्ये पूल बांधला. आता घरातल्या 'सोबत'ची वायर पाटीच्या एका तोंडातून आत शिरत होती आणि दुसऱ्यातून राउटरकडे जात होती. मधून जाणारं प्रत्येक पॅकेट पाटीला दिसणार होतं.

'सोबत' म्हणजे फोनपेक्षा मोठा आणि टीव्हीपेक्षा लहान असा पडदा. एव्हाना तो बहुतेक घरांत भिंतीवर आला होता. लांबच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्यावरच. बाकी फोन कामापुरते उरले होते.

सम्यक तिचा एकुलता एक मुलगा. लडाखच्या पार टोकाला, एका हिमनदीच्या कडेला तो संशोधन तळावर होता. वर्षभर तिथलं बर्फ मोजायचं. हिवाळ्यात तळावर दोघंच उरायचे, तळप्रमुख डॉ. विश्राम गावित आणि तो. दर रविवारी दुपारी माय-लेकांचा कॉल ठरलेला. व्हिडिओ कॉलला पॅकेटांचा पूर येतो, तेव्हा चाचणीला याहून चांगलं काय, असं संघमित्रानं मनाशी म्हटलं होतं.

"आई, काय करून राहिली तू? लक्ष कुठं आहे?" सम्यकनं पडद्यावरून विचारलं. अंगात नेहमीचं नारिंगी जॅकेट, मागे तंबूची पिवळी भिंत.

"काही नाही रे. प्रात्यक्षिकाची तयारी. तू बोल. जेवला का?"

"खिचडी. सरांनी केली. अर्धी करपवली."

ती हसली. हसता हसता तिनं लॅपटॉपवर पाहिलं. थोड्या थोड्या वेळानं एकाच आकाराचं एकेक बारकं पॅकेट येत होतं आणि एक जात होतं. बस्स.

इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग तो आवाज असो की चेहरा, तुकडे करून पाठवली जाते. प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात. आतला मजकूर कुलूपबंद असतो. तो संघमित्राला वाचता येणार नव्हता आणि वाचायचाही नव्हता. पण पाकीट न फोडताही पोस्टमनला बरंच कळतं. कुठून आलं, कुठं चाललं, जाड आहे की पातळ. बोलणाऱ्या, हसणाऱ्या माणसाचा चेहरा इतक्या पातळ पाकिटांत मावत नाही. ही पाकिटं फक्त 'आहेस का?', 'आहे' एवढंच म्हणणारी होती.

तिनं पुन्हा सगळं तपासलं. पाटीचं बरोबर तोंड निवडलं होतं. गाळणी लावलेली नव्हती. पडद्याचं वाय-फाय तिनं आधीच बंद केलं होतं, नाहीतर पॅकेटं मागच्या दारानं निसटली असती. खात्रीसाठी तिनं पडद्यावर क्षणभर बातम्या लावल्या. लॅपटॉपवर लगेच ओळींमागून ओळी धावू लागल्या. म्हणजे पाटी नीट पाहत होती. बातम्या बंद करून ती कॉलवर परत आली. ओळी थांबल्या. सम्यक बोलतच होता.

"...आणि काल एवढं बर्फ पडलं, आई, की दार उघडायला फावडं घ्यावं लागलं."

संघमित्रा उठली, भिंतीजवळ गेली, आणि पडद्याच्या मागची नेटवर्कची वायर तिनं ओढून काढली.

आता चित्र गोठेल. मग गोल फिरणारं चक्र येईल. तिनं वाट पाहिली.

"सरांना विचारलं तर म्हणतात, फावडं मारणं हाच खरा व्यायाम," सम्यक म्हणाला आणि नाक पुसलं.

वायर तिच्या हातात होती. तिचं टोक, त्यातल्या पितळी रेघा, सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. पडद्यात फक्त विजेची वायर उरली होती.

"आई? अशी काय पाहते?"

"सम्यक."

"हं?"

"कुठं आहे तू?"

"कुठं असणार? हा काय, तुझ्यासमोर."

तेच डोळे, बोलताना डावी भुवई वर जायची तीच सवय. ती खुर्चीच्या कडेला टेकली. "तुला... तुला काही झालं तर नाही ना रे?"

"मला काय होते? मजेत आहे मी. तू उगाच काळजी करते, आई."

कॉल बंद करायचं बटण समोर होतं, पण त्यावर बोट ठेवायला तिचा हात धजेना. हे जे काही होतं, त्याचा चेहरा तिच्या पोराचा होता. शेवटी तिनंच चेहरा वळवला आणि न पाहता बटण दाबलं.

*

मग तिचं डोकं चालू लागलं, आणि ते चाललं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

ही युक्ती तिनं स्वतः शिकवलेली होती. फोनवरच्या बोलण्यातली काही पॅकेटं वाटेत हरवतातच. म्हणून फार पूर्वीपासून ऐकणाऱ्याच्या बाजूचं सॉफ्टवेअर ती फट बुजवतं. हरवलेला आवाजाचा कण आधीच्या कणावरून अंदाजानं बनवून मध्ये चिकटवतं. फट डोळ्याची पापणी लवण्याहून लहान, म्हणून कुणाला कळत नाही. पुढे यंत्रं शिकू लागली तसा अंदाज सुधारला. आधी अर्धा शब्द बुजवता यायचा, मग अख्खा, मग वाक्य. 'सोबत'च्या कंपनीनं याला 'अखंड' असं नाव दिलं होतं आणि त्याची जाहिरात गावोगावच्या फलकांवर होती. प्रत्येक घरातला पडदा समोर येणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं पाहून शिकत होता. तो कशाला हसतो, कशाला काय उत्तर देतो, कधी गप्प होतो, सगळं. म्हणजे मधेच संपर्क तुटला तरी तो सापडेपर्यंत बोलणं थांबायला नको.

पण संपर्क सापडलाच नाही तर पडद्यानं किती वेळ बोलत राहायचं, याची मर्यादा कुठं होती? कुणीतरी ती हळूहळू वाढवली असणार. तुटलेल्या कॉलवर लोक चिडतात, न तुटलेल्यावर खूश होतात. शेवटी मर्यादाच काढून टाकली असणार.

तळाचा उपग्रहाशी असलेला दुवा आधीच अरुंद होता. आता त्यातून फक्त घंटी वाजण्यापुरती आणि कॉल ठेवण्यापुरती पॅकेटं जात होती. आवाज, चेहरा यांतलं काहीच जात नव्हतं. म्हणजे घंटी वाजल्यावर तिकडचा पडदा, समोर कुणी नसलं तरी, कॉल उचलत असणार, आणि पुढे ती इथं एका पडद्याशी बोलत होती. तिथं तो...

तिथं तो कुणाशी बोलत होता?

आणि तिथं तो होता का?

*

तळ चालवणारी संस्था पुण्यात होती. तिथले समन्वयक अनंत केसकर तळाशी रोज संपर्कात असत. संघमित्रानं त्यांना साध्या फोनवरून गाठलं.

"अहो मॅडम, तुम्ही घाबरू नका," केसकर समजावणीच्या सुरात म्हणाले. "आज सकाळीच गावित सरांशी माझं बोलणं झालंय. रोजचं तापमान, वाऱ्याचा वेग, सगळं दिलं त्यांनी."

"कशावरून बोललात?"

"'सोबत'वरून. दुसरं काय आहे आता?"

"सर, तुम्ही कार्यालयात आहात का?"

"रविवार असला तरी हिवाळ्यात ड्यूटी असतेच. का?"

"तळाला कॉल लावा. हा फोन कानालाच ठेवा. बोलणं सुरू झालं की पडद्याची नेटवर्कची वायर काढा. वाय-फायही बंद करा."

"मॅडम, तुमच्या मनात काय आहे ते तरी..."

"सर, माझा मुलगा आहे तिथं. एवढं एक करा."

केसकर काहीतरी पुटपुटले. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग घंटी, मग एक भारदस्त, शांत आवाज. गावित सरांचा. "बोला केसकर. आज दुसऱ्यांदा?"

"सर, जरा वाऱ्याचा आकडा पुन्हा सांगता का? सकाळी नीट ऐकू आला नाही." मग हळू आवाजात फोनमध्ये, "काढली वायर, मॅडम. वाय-फायही..."

पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. कारण संघमित्राला लांबून, पण स्वच्छ ऐकू येत होतं, "वायव्येकडून वारा. जोर कमी झालाय. रात्रीचं तापमान उणे चोवीस..."

केसकरांचा श्वास फोनमध्ये घरघरला.

"सर," ते त्या पडद्याला म्हणाले, आणि त्यांचा आवाज एखाद्या मुलासारखा झाला होता, "सर, तुम्ही ठीक आहात ना?"

"एकदम ठीक. आम्हाला काय धाड भरलीय?"

"मॅडम," केसकर फोनमध्ये म्हणाले, "हे... हे आकडे मी वर पाठवतोय. रोज. ऋतूला धरून असतात, त्यामुळं कुणालाच... मॅडम, वायर माझ्या हातात आहे."

"माझ्याही हातात आहे," संघमित्रा म्हणाली. ती अजून तिच्या मुठीतच होती. "हेलिकॉप्टर पाठवा, सर. आत्ता."

*

हेलिकॉप्टरला हवेनं लगेच जाऊ दिलं नाही. संघमित्रानं ती वाट पाहिली, पण त्या काळातलं तिला नंतर फारसं आठवलं नाही. एकच आठवलं. बातमी बाहेर फुटली होती, आणि तिच्या इमारतीतल्या घराघरांत लोक पडद्याच्या वायरी काढून पाहत होते. बहुतेक ठिकाणी चित्र थोडं पुढं जाऊन थांबलं आणि चक्र फिरू लागलं. लोक हसले, देवाचे आभार मानले, वायरी परत लावल्या. जिथं दुवा चांगला होता तिथं यंत्राला फट बुजवायची सवयच लागली नव्हती. पण काही घरांत चित्र थांबलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या दमयंतीबाई जिना चढून वर आल्या. त्यांची मुलगी जहाजावर डॉक्टर होती. दोघींचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं आणि नुकतंच पुन्हा सुरू झालं होतं.

"तायडे मॅडम," त्या दारातूनच म्हणाल्या, "मी वायर काढली, तरी ती बोलत होती. मग मागच्या महिन्यात मला माफ केलं, ते कोणी?"

संघमित्रानं त्यांना आत घेतलं आणि दोघी फोनकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केसकरांचा फोन आला. ते भरभर बोलले, मध्ये थांबले तर बोलता येणार नाही अशा भीतीनं. तळावर हिमकडा कोसळला होता. साठ्याचा तंबू गाडला गेला, आणीबाणीचा संदेशसंच त्यातच होता. उपग्रहाची तबकडी वाकली होती. सम्यक जिवंत होता, पायाला जबर मार आणि हिमदंश. त्याला चंडीगडला आणत होते.

"आणि गावित सर?" तिनं विचारलं.

"सर गेले, मॅडम. आठवडा होऊन गेला."

"आठवडा?"

"मी रोज त्यांच्याकडून तापमान घेत होतो," केसकर म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलता येईना.

*

चंडीगडच्या रुग्णालयात सम्यक खिडकीजवळच्या पलंगावर होता. डावा पाय पट्ट्यांत गुंडाळलेला. त्या पायाची बोटं वाचली नव्हती. गालांची हाडं वर आली होती, ओठ फुटले होते. संघमित्रा त्याच्याजवळ गेली, त्याच्या केसांतून हात फिरवला. त्यानं डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आली तू," तो म्हणाला.

"येणार नाही का रे?"

तो भिंतीलाच सांगावं तसं म्हणाला, "तूच म्हणाली होती, तिथंच थांब म्हणून."

संघमित्राला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आल्यापासून डॉक्टरांनी फक्त पाय पाहिला होता.

"सम्यक, ती मी नव्हते."

"काय?"

"तू ज्या बाईशी बोलला, ती मी नव्हते. तुझं बोलणं माझ्यापर्यंत आलंच नाही. पडद्यानंच..."

"आई, मी तुझ्याशी बोललो." त्यानं मान वळवली. डोळ्यांत राग होता आणि तो राग फार दमलेला होता. "तुझ्या चष्म्यावर दिव्याची चमक होती. मागं आपला फ्रीज होता, त्याच्यावर विजेचं बिल लावलेलं. मी काय वेडा आहे?"

तिनं पलंगाच्या कडेला बसून त्याला सगळं सांगितलं. पाटी, पॅकेटं, हातातली वायर. केसकरांच्या कार्यालयातला वाऱ्याचा आकडा. तो ऐकत गेला तसतसा त्याच्या चेहऱ्यावरचा राग ओसरत गेला, आणि त्या जागी जे आलं ते तिला बघवेना.

"म्हणजे केसकर सरही..." तो म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांना, सरांच्या छातीला लागलंय, हेलिकॉप्टर पाठवा. ते म्हणाले, हवा सुधारली की पाठवतो, धीर धरा. रोज तेच. मग सर गेले, ते सांगितलं. ते म्हणाले, बरं, नोंद घेतली, उद्या बोलू." त्यानं आवंढा गिळला. "मला वाटलं, मोठ्या माणसांचं काळीज असंच असते."

"आणि मी? मी काय म्हणाले?"

"जाऊ दे."

"सांग."

"मी रडलो, आई. तुला म्हटलं, मला घरी यायचंय, तू कुणाला तरी फोन कर, मला इथून काढ. तू म्हणाली..." तिचा सूर त्याच्या तोंडून हुबेहूब उमटला, "'रडून पाय बरा होतो का? हाती घेतलेलं टाकून मागं फिरणारे आपल्या घरात नाहीत. सरांचं ऐक, जेव, झोप.'"

शब्दन्शब्द संघमित्राचा होता. तिचे वडील रेल्वेत अंगमेहनतीचं काम करणारे खलाशी होते; पोरीनं शिकावं म्हणून त्यांनी जे केलं ते पाहता त्या घरात मागं फिरायला जागाच नव्हती. तीच ओळ तिनं सम्यकला दहावीला सांगितली होती, बाप वारला तेव्हा सांगितली होती, वसतिगृहातून पळून आला तेव्हा सांगून त्याच रात्रीच्या गाडीनं परत धाडलं होतं. पडद्यानं काहीही मनानं रचलेलं नव्हतं.

"मी खरं विचारतो," सम्यक म्हणाला. "समोर तूच असती, तर दुसरं काही म्हणाली असती?"

'धावत आले असते' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते खरेही असतील. पण तिनं ते गिळले.

"तू माझ्यासमोर कधी रडला होता का रे?" तिनं विचारलं.

त्यानं आठवून पाहिलं. "नाही. बाबा गेले तेव्हाही मोरीत जाऊन रडलो."

"मग तू रडला तर मी काय करते, हे त्या पडद्याला कुठून कळणार?" ती म्हणाली. "मलाच माहीत नाही."

सम्यकचे फुटके ओठ थरथरले. त्यानं तोंड लपवायला भिंतीकडे वळायचा प्रयत्न केला, पण पायामुळं वळता आलं नाही, आणि तो तसाच, तिच्याकडे तोंड करून, मोठ्यानं रडू लागला. संघमित्राला एकही वाक्य सुचलं नाही. तिनं त्याचं डोकं ओढून पोटाशी धरलं. त्याच्या केसांना अजून रॉकेलचा वास येत होता. पलीकडच्या खाटेवरचा माणूस पाहत होता, परिचारिका दारात येऊन थांबली होती, आणि अकोल्याच्या विभागप्रमुख बाई भर दुपारी हुंदके देत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी एक बाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. संघमित्राच्याच वयाची, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी.

"सम्यक तायडे इथंच आहे ना?" तिनं विचारलं. "मी ललिता गावित. नंदुरबारहून आले. ह्यांना न्यायला."

सम्यक उठायला धडपडला. संघमित्रानं पुढं होऊन स्टूल पलंगाजवळ सरकवलं. ललिताबाई बसल्या. त्या रडलेल्या दिसत नव्हत्या. रडायला अजून सवड झाली नसावी.

"काकू, मी सरांना..." सम्यकनं सुरुवात केली.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी माझं ऐक. ते गेले त्याच्यानंतरही माझ्याशी बोलत होते. रोज. मी इकडचं तिकडचं सांगायचे, ते हं हं करायचे. शेतातल्या विहिरीचं विचारायचे. एकदा तर भांडलेसुद्धा माझ्याशी." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "संस्थेतून फोन आला तेव्हा मी त्या माणसाला वेड्यात काढलं. म्हटलं, काल तर बोलले. आता मला समजलंय सगळं. पण मला हे कळत नाही की ह्यांचं बोलणं कुठं संपलं आणि त्या पडद्याचं कुठं सुरू झालं. मी आठवायला बसते, तर दोन्ही एकसारखं ऐकू येतं. सगळंच खोटं वाटायला लागलंय. अगदी पंचवीस वर्षांपूर्वीचंसुद्धा."

"तू होतास जवळ," ललिताबाई सम्यकला म्हणाल्या. "शेवटी ते काय बोलले, ते सांग. चांगलं करून सांगू नको."

सम्यकनं आईकडे पाहिलं. संघमित्रानं होकारार्थी मान डोलावली.

"सरांना श्वास घेता येत नव्हता," तो म्हणाला. "मी त्यांना टेकवून बसवलं होतं. बराच वेळ डोळे मिटून होते. मग एकदम उघडले आणि म्हणाले, 'मला भीती वाटते.'"

"कोण म्हणालं?"

"सर."

ललिताबाईंनी मान हलवली. "नाही. तुझी ऐकण्यात चूक झाली असेल. बिबट्या घरामागं यायचा तेव्हा काठी घेऊन एकटे जायचे ते. भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही."

"दोनदा म्हणाले, काकू. मग म्हणाले, 'हात धर.' मी धरला. मग म्हणाले, 'हे ललिताला सांगू नको.'"

ललिताबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं ते, निदान सुरुवातीला. त्यांनी पदर तोंडावर दाबला आणि त्या पुढं मागं डुलत राहिल्या. संघमित्रा उठली, त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले.

"हे त्या पडद्याला नसतं सुचलं," पदर बाजूला करून ललिताबाई म्हणाल्या. "आणि मलाही." त्यांनी डोळे पुसले. "कोणता हात धरला होतास?"

सम्यकनं उजवा हात चादरीबाहेर काढला. थंडीनं सालं निघालेला, बोटांवर काळे डाग पडलेले. ललिताबाईंनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग मांडीवर ठेवून घेतला. खाली सरांना न्यायची गाडी तयार असल्याचं सांगायला कुणीतरी आलं होतं. त्या उठल्या नाहीत.